गेम खेळायचेत, मॉड टाकायचेत आणि बजेट बेताचं: पीसी निवडताना काय पाहायचं

गेमसाठी पीसी घ्यायचाय असं कोणी म्हणालं की मी आधी एकच विचारतो: नुसता खेळणार, की मॉड टाकणार? (मॉड म्हणजे गेमचं रूप किंवा वागणं बदलायला खेळाडूंनी बनवलेल्या जादा फाइल्स.) नुसतं खेळायचं असेल तर गेमच्या पानावरची ‘किमान’ आणि ‘शिफारस’ ही दोन कोष्टकं बघून काम भागतं. मॉड टाकायचे म्हटलं की ती कोष्टकं तोकडी पडतात. कंपनीने विकलेला गेम चालवायला काय लागतं एवढंच त्यात असतं. त्यावर तुम्ही चढवलेल्या शंभर-दोनशे मॉड्सचा हिशेब त्यात नसतो.

दुसरी गोष्ट, बहुतेक सल्ले प्रोसेसरपासून सुरू होतात. ‘आय सेव्हन घे, टेन्शन नाही.’ पण बेताच्या बजेटमध्ये मॉडिंगला आधी कमी पडते ती ग्राफिक्स कार्डावरची मेमरी, मग रॅम, मग एसएसडीवरची, म्हणजे गेम साठवायच्या ड्राइव्हवरची, जागा. प्रोसेसरची पाळी बहुधा शेवटी येते. पुढचा सगळा लेख या क्रमावर बेतलेला आहे. किमती मुद्दाम देत नाही. २०२५च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव असे कडाडलेत की आज लिहिलेला आकडा महिनाभरात शिळा होतो.

१. आधी गेम ठरवा

कागदावर तीन गेम लिहा. तीनच. ‘सगळे गेम’ हे उत्तर दुकानदाराला फार आवडतं, कारण मग तो काहीही विकू शकतो.

प्रत्येक गेमची भूक वेगळी असते. स्कायरिमच्या २०१६च्या स्पेशल एडिशनला कंपनीने ८ जीबी रॅम सांगितली आहे आणि मॉडशिवाय तो साध्या कार्डावरही छान चालतो. टेक्स्चरचे मॉड चढवले की मात्र तोच गेम कार्ड खातो. (२०११ची मूळ आवृत्ती ३२ बिटची, म्हणजे फार मेमरी वापरू न शकणारी, आहे. मॉडिंगसाठी ती आता घेऊ नका.) माइनक्राफ्टच्या जावा एडिशनला कार्ड फारसं लागत नाही, तिथे रॅम आणि प्रोसेसरच्या एका कोअरचा (आतल्या एकेका काम करणाऱ्या भागाचा) वेग महत्त्वाचा. मोठे मॉडपॅक (एकत्र बांधलेले मॉड) जावा एडिशनवरच चालतात, बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीवर नाही, हे मुलांना घेऊन देण्याआधी आईबाबांनी लक्षात घ्यावं. युरो ट्रक सिम्युलेटर २ हा २०१२चा गेम. एसटीची लालपरी आणि आपल्याकडचे रस्ते चालवायला मिळावेत म्हणून अनेकजण इथूनच मॉडिंगला लागतात. तो कमी ताकदीच्या मशीनवरही चालतो, पण आरशांची क्वालिटी वाढवलीत की जड होतो, कारण आरशातलं दृश्य वेगळं रेंडर करावं, म्हणजे रेखाटावं लागतं.

आणि फक्त मॉड टाकायचेत की स्वतः बनवायचेतही? बनवायचे असतील तर गेम, ब्लेंडर (थ्रीडी आकार बनवायचं सॉफ्टवेअर), फोटो एडिटर आणि पंचवीस टॅबचा ब्राउझर एकाच वेळी उघडा राहणार. मग रॅमचा आकडा आत्ताच दुप्पट धरा.

२. मॉड नेमकं काय खातात, ते समजून घ्या

हा भाग घाईत वाचू नका, पुढचे सगळे निर्णय यावर आहेत.

टेक्स्चर म्हणजे भिंतीवर, दगडावर, कपड्यावर चिकटवलेलं चित्र. ‘४के’ टेक्स्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल. बीसी७ या प्रचलित पद्धतीने दाबून ठेवलं तर एका पिक्सेलला एक बाइट, म्हणजे १६ एमबी. लांबून दिसणाऱ्या लहान प्रती त्यात जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा साधारण २१ एमबीवर जातो. तेच टेक्स्चर ‘२के’ असेल तर चौथा हिस्सा, जेमतेम साडेपाच एमबी. आता एका वस्तूला बहुधा किमान दोन टेक्स्चर असतात: एक रंगाचं, एक उंचसखलपणाचं. समोरच्या दृश्यात अशी दोनशे टेक्स्चर धरली तर ४केमध्ये सव्वाचार जीबी आणि २केमध्ये एक जीबीच्या आसपास. ४ जीबीचं कार्ड पहिल्या हिशेबात तिथेच संपलं. सावल्या, माणसं, आकाश अजून बाकीच आहेत.

कार्डावरची मेमरी भरली की गेम बंद पडतोच असं नाही. उरलेला माल मुख्य रॅममध्ये ठेवून सारखी ने-आण सुरू होते आणि खेळताना झटके बसतात. वर एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं, त्याचा) आकडा ६० दिसतो, पण मान वळवली की चित्र अडकतं. लोकांना वाटतं प्रोसेसर कमी पडतोय, आणि मग ते भलत्याच गोष्टीवर पैसे घालतात.

तुमचा मॉनिटर १९२० गुणिले १०८०चा असेल तर कोपऱ्यातल्या बादलीला ४के टेक्स्चर लावण्यात काही अर्थ नाही. डोळ्याला फरक दिसत नाही, मेमरी मात्र जाते. बेताच्या मशीनवर २के, आणि बारीकसारीक वस्तूंना १के, एवढं पुरे.

रॅमचं सांगायचं तर माइनक्राफ्टचा लाँचर स्वतःहून २ जीबीच देतो. मोठ्या मॉडपॅकला ६ ते ८ जीबी लागतात. विंडोज आणि ब्राउझर धरले की ८ जीबीच्या मशीनवर तो मॉडपॅक चालणारच नाही, १६ हवी. उलट १६पैकी १२ गेमला देऊन टाकणंही चुकीचं: जावाला साफसफाईला वेळ लागतो, आणि तेवढ्यापुरता गेम थांबतो.

एसएसडीची जागा लोक हमखास कमी धरतात. डाउनलोड केलेली झिप, उघडलेलं मॉड आणि मूळ गेम, असं एकाच गोष्टीला तीनदा भाडं द्यावं लागतं. स्कायरिमची बऱ्यापैकी भरलेली यादी शंभर जीबी सहज ओलांडते. २५६ जीबीची एसएसडी घेऊच नका, ५१२ कशीबशी, १ टीबी योग्य.

एक चांगली बातमी: सगळे मॉड जड नसतात. माइनक्राफ्टचं सोडियम हे मॉड गेम चक्क हलका करतं. कमजोर मशीनवाल्याने आधी असे मॉड शोधावेत.

३. तीन रस्ते

*पहिला: कार्डाशिवाय नवीन पीसी.* रायझन ५ ५६००जीसारखा प्रोसेसर, ज्याच्या आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. माइनक्राफ्ट, स्टारड्यू व्हॅली, युरो ट्रक, जुने गेम, सगळं मध्यम सेटिंगवर होतं. अट एकच: रॅम दोन स्टिकमध्ये (पट्ट्यांमध्ये) घ्या. १६ची एक नको, ८च्या दोन. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं, आणि एका स्टिकवर त्याचा श्वास अडकतो. दुकानदार म्हणेल, ‘आत्ता एक घ्या, पुढे वाढवता येईल.’ कार्डवाल्या पीसीला हे चालेल, इथे नाही.

पुढे कार्ड टाकायचंच असेल तर एक बारकावा: ५६००जी फक्त पीसीआय एक्स्प्रेस ३.० (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता) देतो, साधा ५६०० मात्र ४.० देतो. याचा संबंध खाली येईल.

*दुसरा: ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड पीसी, आणि वर एक कार्ड.* डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलीटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर. सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त मशीन इथे मिळतं असं माझं मत आहे, पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय नाही.

एक, पिढी. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. बाजारात चौथ्या-सहाव्या पिढीचे आय५ ढिगाने आणि मातीमोल मिळतात, ते याच कारणाने. आय५-८५००पासून पुढचं बघा.

दोन, कॅबिनेट. उभा टॉवर घ्या. चपट्या कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं आणि अशा कार्डांचे पर्याय मोजके.

तीन, एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या आतला वीज पुरवणारा डबा. या मशीनमधला एसएमपीएस त्या कंपनीच्या खास मापाचा असतो आणि कार्डाला वीज देणारी वेगळी वायर बहुधा नसते. म्हणून फक्त स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर चालणारं कार्ड लागतं: ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, किंवा वेगळ्या वायरीविना चालणारं जीटीएक्स १६५०. १६५०चे काही मॉडेल वायर मागतात, तेव्हा डब्यावरचं नाव वाचून थांबू नका, कार्डाच्या वरच्या कडेला सॉकेट आहे का ते डोळ्यांनी बघा.

*तिसरा: कार्डासह नवीन पीसी.* आय३-१२१००एफ किंवा रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी आणि ८ जीबीचं कार्ड, म्हणजे आरएक्स ६६०० किंवा त्या तोडीचं. मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कार्डावर जाऊ द्या. प्रोसेसरच्या नावात ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं, हे विसरू नका. ‘कार्ड दोन महिन्यांनी घेऊ’ असा बेत असेल तर ते दोन महिने पडदा काळाच राहील.

इथे आरएक्स ६५०० एक्सटीबद्दल सांगायलाच हवं. नाव ६६००च्या शेजारचं, किंमत मोहात पाडणारी. पण मेमरी ४ जीबी आणि मदरबोर्डाशी बोलायला फक्त चार लेन (डेटाच्या मार्गिका). मेमरी भरल्यावर जी ने-आण होते ती याच चार लेनमधून. जुन्या ३.० बोर्डावर, किंवा ५६००जीवर, तो रस्ता आणखी अर्धा होतो. मॉडिंगसाठी याहून वाईट जोडी जमवणं कठीण.

लॅपटॉप मी सुचवत नाही, पण हॉस्टेलवर किंवा पीजीमध्ये राहणाऱ्यांना इलाज नसतो. त्यांनी कार्डाच्या नावाबरोबर त्याचे वॉट विचारावेत. एकाच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये ६० वॉटवर चालतं, दुसऱ्यात ९५वर, आणि खेळताना फरक कळतो. रॅमचा आणि एसएसडीचा एकेक स्लॉट रिकामा आहे का तेही विचारा.

४. वीज: इथे काटकसर नको

कॅबिनेटसोबत ‘फ्री’ मिळणारा एसएमपीएस त्याच दुकानात सोडून या. हातात घेतलात तरी समजेल: वर ४५० वॉट छापलेलं असतं आणि वजन खेळण्याएवढं. ८० प्लसची (वीज कमी वाया घालवण्याची) खूण असलेला, नावाजलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस वरच्या तिसऱ्या रस्त्याला पुरून उरतो. आरएक्स ६६०० स्वतः १३२ वॉट मागतं, सगळं मशीन भर खेळात तीनशेच्या आत राहतं.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांत गल्लत करू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. त्यावर मॉनिटर आणि मशीन भर खेळात टाकलं तर वीज गेल्यावर सेव्ह करायलाही वेळ मिळेल याचा भरवसा नाही. हजार-अकराशे व्हीए बघा. आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष पीसीचा नाही, भिंतीतला आहे.

५. दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत गाठता येतो. गावाकडे असाल तर तालुक्याच्या दुकानदाराला पार्ट्सची यादी लिहून द्या. ‘गेमिंग पीसी द्या’ असं म्हणून कुठेच जाऊ नका.

संवाद साधारण असा होतो:

‘आय सेव्हन आहे दादा, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक. लाइटवाला कॅबिनेट.’

‘आय सेव्हन कितवी पिढी?’

‘आय सेव्हन आहे ना, फुल पॉवर.’

‘मॉडेल नंबर काय? कार्ड कोणतं?’

‘एनव्हिडियाचं आहे, फोर जीबी.’

तिथे बहुधा तिसऱ्या पिढीच्या आसपासचा प्रोसेसर असतो आणि कार्ड असतं जीटी ७३०. ते २०१४चं, पडद्याला चित्र देण्यापुरतं बनवलेलं कार्ड आहे. चार जीबी मेमरी खरी असते, पण ती संथ डीडीआर३, आणि चिप एवढी दुबळी की ती मेमरी भरेपर्यंत गेम कधीच थांबलेला असतो. कार्डाची मेमरी महत्त्वाची असं मी वर म्हटलं, ते चिप बरी असेल तरच.

तेव्हा प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. दुकानदार नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर पुढचं दुकान. ‘ट्रे’ प्रोसेसर, म्हणजे डब्याविना आलेला, स्वस्त पडतो. त्याची वॉरंटी कोण देणार आणि किती, हे बिलावर लिहून घ्या. ‘बिलाशिवाय एवढ्यात देतो’ म्हणजे १८ टक्के जीएसटी वाचला आणि वॉरंटी गेली.

घरी येताना हातात हे असायला हवं:

- जीएसटीचं पक्कं बिल, प्रत्येक पार्टचं नाव आणि सिरियल नंबर असलेलं
- कार्ड, बोर्ड, एसएमपीएस आणि एसएसडीचे रिकामे डबे
- डब्यावरच्या आणि पार्टवरच्या सिरियल नंबरचे मोबाइलवर काढलेले फोटो
- वॉरंटी कंपनीच्या सेंटरला की दुकानाला, याचं लेखी उत्तर
- एसएमपीएसच्या जादा वायरी आणि स्क्रू (यांची पिशवी नेहमी मागे राहते)

६. जुनं कार्ड घेणार असाल तर

२०२२च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या क्रिप्टो-चलनाचं मायनिंग (कार्डांवर आकडेमोड करून चलन कमावणं) बंद झालं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. मायनिंग केलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखे आणि आतली पेस्ट बदलून अनेक कार्डं नीट चालतात. पण चालू मशीनवर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर न्या. खोट्या नावाचं एनव्हिडिया कार्ड असेल तर ते नावापुढेच ‘फेक’ लिहून दाखवतं. आरएक्स ५८० असेल तर शेडर्सचा (चिपमधल्या आकडेमोड करणाऱ्या भागांचा) आकडा वाचा: २३०४ असायला हवा. २०४८ दिसला तर ते ५८०च्या नावाखाली आलेलं कमी ताकदीचं रूप आहे, त्या मानाने कमी पैसे द्या. मग फरमार्क हे कार्डावर ताण टाकणारं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवा आणि पडद्यावर ठिपके, पट्टे येतात का ते बघा. विकणारा ‘एवढा वेळ नाही’ म्हणाला तर तुम्हालाही नाही.

जीटीएक्स १०५० टीआय, १०६० वगैरे १०-मालिकेच्या कार्डांना ऑक्टोबर २०२५नंतर नवे गेम-ड्रायव्हर (नव्या गेमसाठी कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) येत नाहीत. जुन्या गेमच्या मॉडिंगला ती अजून चालतील, पण भाव करताना हे बोलून दाखवा.

७. मशीन आल्यावर ड्राइव्हची मांडणी

आपल्याकडे दुकानात विंडोज टाकताना डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करायची जुनी सवय आहे. ‘विंडोज उडाली तर डेटा वाचेल’ हे त्यामागचं कारण. मॉडिंगवाल्याने आधीच सांगावं, एसएसडी अखंड ठेवा. व्होर्टेक्स हा मॉड मॅनेजर सहसा हार्डलिंक (एकच फाइल दोन ठिकाणी दाखवायची सोय) वापरतो, आणि हार्डलिंक एकाच पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या एकाच तुकड्यावर, चालते. गेम डीवर आणि मॉड ईवर असं केलं तर तो अडून बसतो. मॉड ऑर्गनायझर २ला ही अडचण नाही. तो गेमचा फोल्डर न हलवता मॉड बाहेरून दाखवतो, म्हणून स्कायरिमसाठी मी तोच सुचवतो.

गेम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नका. विंडोज त्या फोल्डरवर पहारा ठेवते आणि मॉडिंगची टूल्स अडखळतात. सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचा साधा फोल्डर करा आणि स्टीम, म्हणजे गेम विकणारं आणि चालवणारं ॲप, तिथेच टाका. दुकानदाराने क्रॅक केलेली विंडोज टाकून दिली असेल तर ती पुसून स्वतः टाका. कुणी काय आत सोडलंय कळत नाही, आणि त्याच मशीनवरून तुम्ही यूपीआयने गेम विकत घेणार आहात.

८. पहिले मॉड टाकण्याआधी

गेम कुठून घेतला यावर मॉडिंग अवलंबून असतं. स्कायरिमच्या बऱ्याच चांगल्या मॉड्सना एसकेएसई (मॉड्सना जादा क्षमता देणारं जोड-सॉफ्टवेअर) लागतं, आणि ते मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीतल्या आवृत्तीवर चालत नाही. स्टीमवर घ्या. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. नव्या मशीनवर गेम कसा चालतो हे त्या दोन तासांत कळतं, तेव्हा ते मेनूमध्ये घालवू नका.

मॉडशिवाय गेम एकदा सुरू करा, अर्धा तास खेळा, कार्डाचं तापमान आणि मेमरी लिहून ठेवा. मग मॉड पाच-पाच करून टाका आणि दर वेळी चालवून बघा. एकदम ऐंशी टाकले आणि गेम पडला तर दोषी शोधायला आख्खा रविवार जातो.

स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट ‘गेम सुरू करताना’ वर ठेवा. नोव्हेंबर २०२१मध्ये स्कायरिमचं मोठं अपडेट आलं तेव्हा एसकेएसईवर चालणारे मॉड घाऊक बंद पडले होते, कारण एसकेएसई आणि गेम यांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. युरो ट्रकमध्ये तर स्टीमच्या ‘बीटा’ यादीतून जुनी आवृत्ती निवडून तिथेच थांबता येतं. तुमच्या बसच्या मॉडवर जी आवृत्ती लिहिली असेल तीच निवडा.

ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये मॉड टाकून जाऊ नका, खातं बॅन होऊ शकतं. आणि सेव्ह फाइल्सची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा: स्कायरिमच्या सेव्ह ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरमध्ये सापडतील, माइनक्राफ्टच्या ‘सेव्हज’ फोल्डरमध्ये.